रांगेचं शेपूट सरकतं, बोर्ड सरकत नाही: रस्त्याच्या कामावर स्मार्ट यंत्रणा कशी बसवावी

रात्रीचे साडेदहा. दोनपैकी एक लेन बंद करून डांबराचा थर टाकायचं काम सुरू आहे. एक किलोमीटर आधी ‘पुढे काम चालू आहे’ हा बोर्ड लावलाय, कोन ओळीत आहेत, बाणाचा दिवा लुकलुकतोय, सगळ्यांच्या अंगात चमकणारी जॅकेटं आहेत. तपासणीला कोणी आलं तरी बोट ठेवायला जागा नाही. आणि अपघात होतो तो दीड किलोमीटर मागे, जिथे बोर्ड नाही, कोन नाही, माणूस नाही. मोकळ्या रस्त्यावरून ऐंशीच्या वेगात आलेल्या ट्रकसमोर एकाएकी थांबलेल्या गाड्यांचे लाल दिवे येतात.

हे का होतं याचा हिशेब पाचवीतल्या गणिताइतका सोपा आहे. उरलेल्या एका लेनमधून तासाला १५०० गाड्या निघतात असं धरू, आणि मागून येतायत २१००. म्हणजे तासाला ६०० गाड्या तुंबणार. सरपटणाऱ्या रांगेत एका गाडीला पुढच्या मोकळ्या जागेसकट १५ मीटर लागतात असं मानलं आणि त्या दोन्ही लेनमध्ये उभ्या राहिल्या, तर रांग तासाला साडेचार किलोमीटर वाढते. मिनिटाला ७५ मीटर. तुमचा एक किलोमीटरवरचा बोर्ड चौदाव्या मिनिटाला रांगेच्या पोटात जातो. त्यानंतर तो वाचतात ते आधीच थांबलेले लोक.

रस्त्याच्या कामावर मागून धडकणं हा सगळ्यात नेहमीचा अपघात आहे आणि त्याचं मूळ बहुतेक वेळा या सरकत्या शेपटात असतं. अमेरिकेत कामाच्या टप्प्यांमध्ये अलीकडे दरवर्षी ८०० हून जास्त माणसं मरतात, आणि त्यातले पाचातले चार जण कामगार नसतात. गाडी चालवणारे किंवा गाडीत बसलेले असतात. तेव्हा ‘सुरक्षा म्हणजे कामगारांना हेल्मेट आणि जॅकेट’ हा हिशेब अर्धाच आहे.

स्मार्ट यंत्रणा म्हणजे सेन्सरच्या माहितीवरून आपोआप इशारा देणारी उपकरणं. तिच्याकडून माझी अपेक्षा एकच: धोका जिथे सरकेल तिथे इशारा त्याच्याबरोबर सरकावा, आणि तो इशारा खरा असावा. खालच्या पायऱ्या याच अपेक्षेतून आल्या आहेत.

पायरी १: आधी कागद, मग यंत्र

उपकरणांची यादी घेऊन सुरुवात करू नका. विक्रेता तेच करतो. आधी जागेचा नकाशा काढा आणि त्याचे नेहमीचे चार भाग पाडा: पूर्वसूचनेचा भाग, गाड्या लेन बदलतात तो टेपर, बफरसह प्रत्यक्ष कामाचा भाग, आणि वाहतूक पुन्हा मूळ लेनवर येते तो शेवटचा भाग. मग प्रत्येक भागात ‘इथे माणूस कसा मरू शकतो’ हा प्रश्न विचारा. ऐकायला वाईट वाटतं, पण प्रश्न गुळमुळीत विचारला की उत्तरही गुळमुळीत येतं.

साधारण चार उत्तरं निघतात. रांगेच्या शेपटावर धडक. टेपरमध्ये शिरताना गाड्या एकमेकींना घासणं. कोन तोडून गाडी कामगारांवर येणं. आणि आतल्या आत, आपल्याच डंपरने किंवा रोलरने मागे येताना माणूस चिरडणं. हे चौथं लोक विसरतात, कारण ते बाहेरच्या वाहतुकीशी जोडलेलं नाही.

याच कागदावर मूळ मांडणी बरोबर आहे का तेही तपासा. टेपरच्या लांबीसाठी बऱ्याच ठिकाणी चालणारं सूत्र असं आहे: वेग ताशी ७० किलोमीटर किंवा जास्त असेल तर बंद लेनची रुंदी मीटरमध्ये गुणिले वेग, भागिले १.६. साडेतीन मीटरची लेन आणि ८० चा वेग असेल तर १७५ मीटर. वेग ६० किंवा कमी असेल तर रुंदी गुणिले वेगाचा वर्ग, भागिले १५५; पन्नासच्या वेगाला साधारण ५६ मीटर. तुमच्याकडे जी अधिकृत मार्गदर्शिका लागू आहे तिचा आकडा वेगळा असेल तर तोच पाळा. पण १७५ मीटरचा टेपर ६० मीटरमध्ये उरकला असेल, तर त्यावर कितीही महाग रडार बसवा, ते फक्त धडकांची नोंद ठेवेल.

बफर म्हणजे रिकामी जागा. रिकामी म्हणजे रिकामीच. तिथे पाण्याचा टँकर, सुपरवायझरची गाडी किंवा कोनांचा ढीग ठेवला की तो बफर राहत नाही. ऐंशीच्या वेगाला चालकाचं लक्ष जाण्यापासून गाडी उभी राहीपर्यंत १३० मीटरच्या आसपास अंतर लागतं, भरलेल्या ट्रकला आणखी. ती जागा कोणासाठी मोकळी सोडली आहे हे रात्रीच्या शिफ्टच्या मुकादमाला एकदा चालत दाखवा. चालत दाखवलेलं लक्षात राहतं.

पायरी २: रांगेचा इशारा

पैसे एकाच यंत्रणेपुरते असतील तर मी ही घेईन. रस्त्याकडेला ट्रेलरवर किंवा कोनांऐवजी ठेवतात त्या मोठ्या पिंपांवर बसवलेले वेग मोजणारे सेन्सर, ती माहिती मोबाइल नेटवर्कवरून गोळा करणारं सॉफ्टवेअर, आणि त्यावरून मजकूर बदलणारे सौरऊर्जेवरचे फिरते, म्हणजे हवे तिथे हलवता येणारे बोर्ड, असे तिचे तीन तुकडे. माणूस मध्ये नसतो. वेग पडला की बोर्ड बदलतो.

सेन्सर कुठे ठेवायचे? पहिला टेपरच्या तोंडाशी. मग मागे मागे जात दर ८०० मीटर ते एक किलोमीटरवर एकेक. शेवटचा कुठे, इथे खरी चूक होते. सुरुवातीचा हिशेब तुमच्या रस्त्याच्या तासवार मोजणीवर करा, सगळ्यात वाईट तासात रांग किती लांब जाईल ते काढा, आणि शेवटचा सेन्सर त्याच्याही मागे ठेवा. पहिला इशारा देणारा बोर्ड त्या सेन्सरच्याही मागे. रांग शेवटच्या सेन्सरला ओलांडून गेली की यंत्रणा आंधळी होते. तिला फक्त ‘इथे गाड्या थांबल्यात’ एवढंच कळतं, शेपूट कुठे आहे ते कळत नाही.

आता एक गोष्ट जरा जवळून बघू, कारण ती माहितीपत्रकात लिहिलेली नसते. स्वस्त सेन्सर बहुतेक डॉपलर रडारवर चालतात. डॉपलर रडार हालणारी वस्तू ओळखतं. गाडी पूर्ण थांबली की त्याच्या दृष्टीने ती नाहीच. आता सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने ‘वेग आला नाही म्हणजे रस्ता रिकामा’ असं गृहीत धरलं असेल तर काय होईल? रांग सरपटत असेपर्यंत बोर्ड ‘पुढे वाहतूक संथ’ दाखवेल, आणि ती ठप्प झाली, म्हणजे धोका सगळ्यात जास्त झाला, की बोर्ड कोरा होईल. एका कामावर हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. बोर्ड विझला म्हणून आम्हाला वाटलं रांग सुटली. रांग जागची हललीच नव्हती.

म्हणून खरेदीआधी थेट विचारा: गाड्या दहा मिनिटं पूर्ण थांबल्या तर तुमचा सेन्सर काय सांगतो? ‘उभं वाहनही ओळखतो’ असं उत्तर आलं तर ते करून दाखवायला सांगा. डॉपलरवरच भागवायचं असेल तर नियम असा हवा की शेवटचा वेग कमी होता आणि नंतर शांतता झाली, तर तिचा अर्थ ‘ठप्प’ धरायचा, ‘मोकळा’ नाही.

मर्यादा ठरवताना तीन पातळ्या पुरतात. ऐंशीच्या रस्त्यासाठी मी अशा सुरुवात करतो: वेग ६५ च्या वर असेल तर बोर्डवर साधी सूचना, ६५ ते ३५ मध्ये ‘पुढे वाहतूक संथ’, ३५ च्या खाली ‘पुढे वाहने थांबलेली’. आठवडाभर नोंदी बघून हे आकडे हलवायचे. दुसरं, इशारा चढताना घाई करावी आणि उतरताना आळस. मिनिटभराची सरासरी पडली की लगेच चढवा, पण खाली आणायला सलग तीन-चार मिनिटं वेग वर राहिला पाहिजे. नाहीतर सीमेवरच्या वेगाला बोर्ड दर मिनिटाला मत बदलतो आणि मागून येणारे चालक त्याच्याकडे बघणं सोडतात.

मजकुराबद्दल. अमेरिकेच्या वाहतूक चिन्हांच्या नियमपुस्तिकेत फिरत्या बोर्डांसाठी शिस्त घालून दिली आहे आणि ती कुठेही कामाची आहे: एक संदेश जास्तीत जास्त दोन पडद्यांत, पडद्यावर तीन ओळींपेक्षा जास्त नाही, प्रत्येक पडदा निदान २ सेकंद, आणि पूर्ण फेरी ८ सेकंदांत संपावी. कारण साधं आहे. बोर्ड २०० मीटरवरून वाचता येत असेल तर ऐंशीच्या वेगाने जाणाऱ्याला ९ सेकंद मिळतात. त्यात तो आरसा बघतो, शेजारच्याशी बोलतो. म्हणून ‘१ किमीवर वाहने थांबलेली / वेग कमी करा’ एवढंच. ‘सावकाश चला, घरी कोणीतरी वाट पाहत आहे’ हे वाक्य छान आहे, पण चालकाला त्यातून काय करायचं ते कळत नाही आणि ओळी खर्ची पडतात.

बसवून झालं की दोन माणसांत चाचणी घ्या. एक जण हातातली स्पीड गन घेऊन सेन्सरजवळ, दुसरा घड्याळ घेऊन बोर्डजवळ, दोघं फोनवर. वेग प्रत्यक्ष पडला तेव्हापासून बोर्ड बदलेपर्यंत किती वेळ गेला ते लिहा. सरासरीचा मिनिट धरून दीड मिनिटापर्यंत मी चालवून घेतो. तीन मिनिटं लागत असतील तर वरच्या हिशेबाने शेपूट २२५ मीटर आणखी मागे सरकलेलं असतं. मग नेटवर्क, सर्व्हर, की सरासरीचा काळ, कुठे वेळ खातोय ते शोधायला लावा.

बोर्डच्या जोडीला रस्त्यावर आडव्या टाकायच्या फिरत्या रंबल पट्ट्या मिळतात. फोनमध्ये बघणाऱ्याला बोर्ड दिसत नाही, पण चाकाखालची घरघर लागते. टेक्सासमध्ये आंतरराज्य ३५ या महामार्गाच्या रुंदीकरणात रात्री लेन बंद करताना रांगेचा इशारा आणि या पट्ट्या एकत्र वापरल्या गेल्या. पट्ट्या वळणावर टाकू नका, दुचाकींसाठी आधी सूचना लावा, आणि शिफ्टमध्ये एक-दोनदा त्या सरकल्या नाहीत ना ते बघा. सरकतात.

पायरी ३: वेग आणि टेपर

‘तुमचा वेग’ दाखवणारा बोर्ड स्वस्त आणि उपयोगी आहे, पण तो जिथे वेग कमी हवा त्याच्या थोडा आधी ठेवा, कामाच्या मधोमध नको. आठवडेभर एकाच जागी राहिला तर रोजच्या प्रवाशांना त्याची सवय होते, म्हणून जागा बदलत राहा.

वेगमर्यादेबाबत माझं मत ठाम आहे. काम बंद असताना, कोणी माणूस नसताना ४० ची मर्यादा लावून ठेवणं हे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं आहे. चालक दोनदा रिकाम्या रस्त्यावर ४० ने जातो, तिसऱ्यांदा मानत नाही, आणि नेमकी तेव्हा शिफ्ट सुरू असते. कॅमेऱ्याने दंड करायची पद्धत असेल तर तिथेही हेच. पेनसिल्व्हेनियात २०२० पासून कामाच्या टप्प्यांवर स्वयंचलित वेगदंड सुरू झाला, तो कामगार प्रत्यक्ष हजर असतानाच लागू करायचा अशी अट ठेवून. बदलती मर्यादा दाखवणारे बोर्ड असतील तर ते शिफ्टच्या वेळापत्रकाशी आणि सेन्सरशी जोडा; कोणी फोन करून बदलेल या भरवशावर राहू नका.

टेपरमध्ये शिरण्याचं भांडण सगळीकडे सारखंच. निम्मे लोक एक किलोमीटर आधीच लेन बदलतात, उरलेले रिकाम्या लेनने शेवटपर्यंत येतात आणि शिव्या खातात. गर्दीत मात्र दुसरे बरोबर असतात: दोन्ही लेन शेवटपर्यंत वापरून आळीपाळीने शिरलं तर रांगेची लांबी कमी होते आणि दोन लेनच्या वेगातला फरकही. रस्ता मोकळा असताना उलट, लवकर लेन बदललेली बरी. इथेही सेन्सर कामाला येतो. वेग चांगला असेल तर ‘उजवी लेन बंद, डावीकडे या’, पडला की ‘दोन्ही लेन वापरा’ आणि टेपरच्या तोंडाशी ‘इथे आळीपाळीने शिरा’. तोंडाशी हा दुसरा बोर्ड नसेल तर पहिला लावूच नका.

पायरी ४: झेंडेवाल्याला रस्त्यावरून हटवा

एकाच लेनवर दोन्ही दिशांची वाहतूक आलटून पालटून सोडायची असेल तर झेंडा घेऊन उभा असलेला माणूस हा सगळ्या कामावर सगळ्यात उघडा असतो. फिरते सिग्नल किंवा रिमोटवर चालणारा दांडा-आणि-दिवा बसवला की तो रस्त्याच्या कडेला, बॅरिअरमागे उभा राहू शकतो. नोकरी जात नाही, जागा बदलते. मात्र त्याला दोन्ही टोकं दिसली पाहिजेत, आणि रिमोट बंद पडला तर यंत्र आपोआप ‘थांबा’वर गेलं पाहिजे. ही चाचणी पहिल्याच दिवशी रिमोटची बॅटरी काढून करा.

पायरी ५: घुसखोरीचा भोंगा

कोनांच्या ओळीतून गाडी आत आली की भोंगा वाजवणारी यंत्रं तीन-चार तऱ्हेची असतात. रस्त्यावर टाकलेली हवेची नळी, कोन आडवा झाला की वाजणारा भोंगा, इन्फ्रारेड किरण, आणि येणाऱ्या गाडीचा वेग व दिशा बघून ती आत येणार का याचा अंदाज घेणारं रडार. पहिल्या तिन्ही प्रकारांत गाडी आत आल्यावर कळतं. रडारमध्ये थोडं आधी.

पण किती आधी? ऐंशीचा वेग म्हणजे सेकंदाला २२ मीटर. इशारा कामगारांच्या १०० मीटर मागून मिळाला तर हातात साडेचार सेकंद आहेत. त्यातला अर्धा-एक सेकंद यंत्राचा, एक-दीड सेकंद माणसाला ‘हा आवाज आपल्यासाठी आहे’ हे कळायला. उरतात दोन-तीन. फावडं हातात असलेला, पाठ वाहतुकीकडे असलेला माणूस तेवढ्यात तीन-चार पावलं टाकतो. म्हणून भोंगा बसवण्याआधी पळायची दिशा ठरवा. प्रत्येक टोळीने शिफ्टच्या सुरुवातीला बोटाने दाखवायचं: वाजला तर तिकडे. आणि ‘तिकडे’ खड्डा, साखळी किंवा उभा रोलर नसावा.

डांबर पसरवणारा पेव्हर किंवा रस्ता खरवडणारं यंत्र चालू असताना, कानात बोळे घातलेल्या माणसाला भोंगा ऐकू येत नाही. त्याच्यासाठी दंडावर किंवा जॅकेटमध्ये थरथरणारा पट्टा घ्या. आणि खोट्या इशाऱ्यांची वही ठेवा. वाऱ्याने कोन पडला, आपलाच डंपर नळीवरून गेला, असे रात्रीतून सहा वेळा भोंगे वाजले की सातव्याला कोणी मान वर करत नाही. मग मुकादमच वैतागून वायर काढतो आणि मी त्याला दोष देत नाही. आत-बाहेर जाणाऱ्या आपल्या गाड्यांचा रस्ता सेन्सरच्या कक्षेतून वगळणं हे बसवणाऱ्याचं काम आहे.

जिथे शक्य असेल तिथे भोंग्यापेक्षा अडथळा बरा. काँक्रीटचे बॅरिअर माणसाच्या चपळाईवर अवलंबून नसतात. पण त्यांनाही तोंडं असतात. २२ मार्च २०२३ रोजी मेरीलँडमध्ये बाल्टिमोरजवळ ६९५ क्रमांकाच्या महामार्गावर अतिवेगातल्या दोन गाड्या एकमेकींना लागल्या आणि त्यातली एक कामाच्या गाड्यांसाठी ठेवलेल्या बॅरिअरमधल्या फटीतून आत घुसली. सहा कामगार गेले. तुमच्या नकाशावर अशी प्रत्येक फट लाल पेनने दाखवा. ती किती रुंद, किती वेळ उघडी, तिच्या रेषेत कोण काम करतं, आणि उघडी असताना तिच्यासमोर काय उभं असतं, हे चार प्रश्न प्रत्येकीला.

सरकत्या कामांसाठी, म्हणजे पट्टे रंगवणं किंवा खड्डे बुजवणं, मागे धडक झेलणारी गादी लावलेला ट्रक असतो. त्याच्यात बसलेला चालक हा अक्षरशः धडक खाण्यासाठी बसलेला असतो. म्हणून पुढच्या ट्रकच्या मागोमाग आपोआप येणारा चालकाविना ट्रक निघाला. कोलोराडोच्या वाहतूक विभागाने तो २०१७ मध्ये रस्त्यावर आणला. तो परवडणं सगळ्यांना शक्य नाही. पण एक गोष्ट कुठल्याही अशा ट्रकला लागू आहे: धडकेनंतर तो पुढे सरकतो. त्याच्या नाकासमोर दहा पावलांवर माणसं काम करत असतील तर गादीचा उपयोग फक्त धडकणाऱ्याला.

पायरी ६: आतली वाहतूक

इथे तंत्रज्ञान साधं आहे. यंत्रांवर मागचे कॅमेरे, कामगाराच्या टोपीत किंवा जॅकेटमध्ये टॅग, आणि टॅग ठरावीक अंतरात आला की चालकाच्या केबिनमध्ये व कामगाराच्या अंगावर दोन्हीकडे इशारा. अंतर यंत्रागणिक ठरवा. रोलर हळू असतो पण सतत मागे-पुढे करतो. त्याला दहा मीटरचं कुंपण घातलं तर इशारा थांबणारच नाही, कारण मागोमाग चालणारा कामगार कायम त्याच कक्षेत. मागे येणाऱ्या डंपरला मात्र तेवढं हवंच.

त्याहून जास्त फरक एका कागदाने पडतो: आतल्या गाड्यांचा मार्ग. डंपर कुठून आत येणार, कुठे वळणार, कुठून बाहेर पडणार, पायी माणसांनी कुठे जायचं नाही. मागे घेण्याची वेळच कमीत कमी यावी अशी फेरी आखता आली तर टॅगवरचा भार निम्मा होतो. बदली चालक येतो त्या दिवशी हा कागद त्याच्या हातात असतो का, हे अचानक जाऊन बघा.

पायरी ७: नकाशाला कळवा

चालक तुमच्या बोर्डच्या आधी फोनवरचा नकाशा बघतो. तिथे लेन बंद असल्याचं दिसलं तर काही गाड्या दुसऱ्या रस्त्याने जातात, म्हणजे रांगच छोटी होते. आता बाणाच्या दिव्यांतच जीपीएस येतं: दिवा चालू झाला की ‘या जागी ही लेन बंद’ ही नोंद आपोआप जाते, बंद केला की निघते. अमेरिकेत यासाठी डब्ल्यूझेडडीएक्स नावाचा खुला माहिती-नमुना तयार झाला आहे. कामाची जागा, दिशा, बंद लेन आणि वेळ एकाच भाषेत लिहायची, म्हणजे कुठलंही ॲप ती वाचू शकेल. तुमच्याकडे तसं काही नसेल तरी रोज ठरावीक माणसाने जागा, सुरू झाल्याची वेळ आणि लेन एवढं तरी नकाशाच्या सेवेला आणि वाहतूक नियंत्रण कक्षाला कळवावं. नियोजित वेळ कळवू नका, प्रत्यक्ष वेळ कळवा. पावसाने काम रद्द झालं आणि नकाशावर लेन बंदच राहिली, तर पुढच्या वेळी तुमच्यावर कोण विश्वास ठेवणार?

पायरी ८: कंत्राटात काय लिहायचं

‘स्मार्ट यंत्रणा पुरवणे व बसवणे, एक नग’ असं कलम लिहिलं की यंत्रणा येते, उभी राहते, फोटो निघतात आणि तिसऱ्या आठवड्यात बंद पडते. पैसे चालू तासांवर द्या. शिफ्टच्या तासांपैकी किती टक्के वेळ सेन्सर आणि बोर्ड दोन्ही चालू आणि बरोबर होते, यावर बिल. नादुरुस्त उपकरण किती तासांत बदलायचं, ते लिहा. सौर पॅनल धुळीने माखतं आणि सलग ढगाळ दिवस येतात, म्हणून ऊन नसताना बॅटरी किती दिवस टिकली पाहिजे तेही लिहा. आणि नेटवर्क गेलं तर बोर्डने काय दाखवायचं? माझं उत्तर: शेवटचा संदेश गोठवून ठेवायचा नाही, ‘पुढे काम, वेग कमी करा’ या साध्या सूचनेवर परत यायचं आणि सुपरवायझरच्या फोनवर घंटी वाजवायची. नोंदी कोणाच्या मालकीच्या, किती दिवस ठेवायच्या, आणि कॅमेऱ्यात येणाऱ्या नंबरप्लेटचं काय करायचं, हेही आधीच ठरलेलं बरं.

पायरी ९: रोज एक फेरी

शिफ्ट सुरू झाल्यावर अर्ध्या तासात गाडी घ्या, पाच किलोमीटर मागे जा आणि अनोळखी चालकासारखे परत या. शेजारी बसलेल्याने बोलून रेकॉर्ड करायचं: पहिला बोर्ड कुठे दिसला, कुठे वाचता आला, त्याने सांगितलेलं पुढे खरं निघालं का, टेपर कुठे लक्षात आला, समोरच्या दिव्यांनी डोळे दिपले का. कार्यालयातल्या पडद्यावर सगळे सेन्सर हिरवे असतात, आणि झाडाची फांदी बोर्डच्या मधल्या ओळीवर आलेली असते. ही फेरी रांग लागलेली असताना एकदा आणि नसताना एकदा करा.

आठवड्याने नोंदी उघडा. जोरात ब्रेक लागल्याच्या खुणा, तुटलेले कोन, किरकोळ खरचटणं, खोटे भोंगे, हे सगळं नकाशावर ठिपक्यांनी मांडा. ठिपके एका जागी जमले की तिथे काहीतरी चुकतंय, मोठा अपघात अजून झाला नसला तरी.

काम आवरताना क्रम उलटा: आधी कामाच्या भागातलं, मग टेपर मागे मागे, आणि पूर्वसूचनेचे बोर्ड सगळ्यात शेवटी. शेवटचा कोन ट्रकमध्ये गेला तरी रांग लगेच सुटत नाही, म्हणून वेग पूर्ववत झाल्याचं सेन्सर सांगेपर्यंत मागचे बोर्ड चालू ठेवा. मग ते विझवा, पाठ रस्त्याकडे करून वळवा, आणि घरी जाण्याआधी फोन काढून नकाशावरची लेन उघडली का ते बघा.